भिंतीतलं हुदहुद

सून आठ दिवस खोलीबाहेर आली नव्हती, आणि ही काही रीत नव्हे, असं इंद्रायणीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होत्या. कांजिण्या झाल्या म्हणून काय झालं? माणूस आतून एक हाक तरी मारतं. इथं हाक ना बोंब.

ताट तेवढं आत जायचं आणि रिकामं बाहेर यायचं.

ताट नेणारा त्यांचा मुलगा, सिद्धेश. चाकणच्या कंपनीत त्याची दुसरी शिफ्ट. दुपारी निघताना रात्रीचं जेवणही आत ठेवायचा आणि दाराला बाहेरून कुलूप घालायचा.

"कुलूप कशाला रे?"

"तुला कधी कांजिण्या झाल्या न्हाईत. तू आत गेलीस म्हंजे?"

"लई काळजी हाय आईची," बाई म्हणाल्या आणि ओसरीवर जाऊन बसल्या.

समोर जुन्या गोठ्याची मातीची भिंत होती. बाकीच्या जागेवर कामगारांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. ही एक भिंत राहिली. तिच्या भोकात पाखराची मादी अंड्यांवर बसली होती. डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. सगळा गाव त्याला सुतार म्हणायचा. सुनेनं, सायलीनं मात्र मोबाइलमध्ये दाखवलं होतं, "आई, हा सुतार न्हाई, हुदहुद. एका बादशहाचे निरोप न्यायचा म्हणे."

"बादशहाकडं माणसं न्हवती व्हय?" बाई म्हणाल्या होत्या, आणि दोघी हसल्या होत्या.

शेजारच्या सुमनताई नाकाला पदर लावून आल्या. "भोक लिंपून टाका बाई. काय घाण वास मारतोय!"

"मुद्दाम मारते ती वास. कुणी हात घालू नये म्हणून. बाईच्या जातीला एवढी अक्कल पायजेच."

"आन् सून कशी हाय?"

"पडलीय महाराणीवानी. नवरा ताटं वाहतोय."

नर चोचीत अळी घेऊन आला, भोकाशी लटकला, मादीला भरवून उडाला. इंद्रायणीबाई बघत राहिल्या. "एवढी लांब चोच," त्या पुटपुटल्या, "पण घरात टोचत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भरली वांगी केली. सायलीनं वांग्याचा घास घेतला की तिचे ओठ सुजायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून विसरणाराही घरात एक होताच. ताट चाटूनपुसून बाहेर आलं.

"जेवली का?"

"जेवली. आवडली म्हणाली भाजी."

बाईंनी ताट घासलं, पालथं घातलं. त्यांचे गुडघे दुखत होते. नऊ दिवस तिघांचा स्वयंपाक एकटीनं चालला होता.

सिद्धेश बूट घालता घालता म्हणाला, "दोन दिवसांत उतरतील कांजिण्या. मग थोडे दिवस माहेरी धाडतो तिला."

"कुलूप काढ."

"आई, शिफ्टला उशीर—"

"काढ म्हणते ना, सिद्ध्या. दमले मी आता."

त्यानं कुलूप काढलं. दार उघडलं. पलंगावर चादर सरळ होती. उशीवर त्याचाच टॉवेल. कोपऱ्यात आदल्या रात्रीचं ताट, तेही रिकामं.

बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "कुठं हाय माझी सून?"

तो पलंगावर बसला. मग चेहरा झाकून रडायलाच लागला. "गेली. मागच्या सोमवारी शिफ्टवरनं आलो तर न्हवती. फोन बंद. माहेरी न्हाई, मैत्रिणीकडं न्हाई. लोकांना काय सांगू? तुला काय सांगू?"

"का गेली?"

"भांडण झालं."

"का गेली?"

"हात उचलला गेला माझ्याकडनं."

"किती येळा?"

कंपनीची बस दारावरून हॉर्न देऊन गेली.

"पोलिसात जाऊ का, आई? तिचं काय बरंवाईट झालं असलं तर? नऊ दिवस झोप न्हाई मला. कुठं शोधू?"

इंद्रायणीबाईंनी चौकटीला हात टेकला.

"शोधू नगंस. तिला मीच गाडीत बसवली. तुझा बाप मला मारायचा तवा मला बसवून देणारं कुणी न्हवतं, म्हणून तू असा निपजलास."