रांगोळीतला थेंब

"आधीच घर गळतंय, त्यात सोलरसाठी स्लॅबला भोकं!" रंगराव सोलर बसवायला आलेल्या फिटर तरन्नुमवर खेकसले.

"पाणी सोडून बघू, काका." तिनं नव्या बोल्टांभोवती गळती रोखणारं केमिकल भरलं, गच्चीत दोन दिवस पाणी तुंबवलं आणि खालच्या खोलीत फरशीभर कोरडी रांगोळी पसरली.

तिसऱ्या दिवशी रांगोळीत थेंबाचा एकच खड्डा दिसला.

"गळलंच ना!"

"पण काका, याच्या वर माझा बोल्ट नाही. तुमच्या डिश अँटेनाचा आहे."

रंगरावांनी वर पाहिलं. तो बोल्ट त्यांनीच ठोकला होता. आणि गळतीचं खापर स्लॅब घालणाऱ्या थोरल्या भावावर फोडून सात वर्षं अबोला धरला होता.

"तेही भोक बुजव, पोरी," म्हणत त्यांनी फोन लावला. "दादा, गळती सापडली. माझ्याच हातची निघाली. घरी ये."