कोणालाच काढलं नाही

"'काढलं' एवढा एक शब्द तोंडातून काढायला तुझं काय जातंय, रघु?" वृंदानं विचारलं.

रघु शहाडच्या खोलीच्या दारात बसून मेथी निवडत होता. बायको कामाला जायची, घर हल्ली तो बघायचा. "ताई, काढलं असतं तर बोललो असतो ना. ब्रेक आहे आपला."

"एवढा लांब ब्रेक? तू माणूस आहेस की सायडिंगला टाकलेली मालगाडी?"

शेजारची बनूबाई फिसकन हसली. रघु नाही हसला. त्यानं मेथीत मान घातली.

अंबरनाथच्या त्या औषध कंपनीत ब्रेक म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस कायम होऊ नये म्हणून ठेकेदार त्याला अधूनमधून घरी बसवतो आणि काही दिवसांनी नव्यानं बोलावतो. पण पावसाळ्यात पॅकिंगला परदेशी मशीन आलं आणि तेव्हापासून घरी बसवलेल्या एकालाही बोलावणं गेलं नाही. तरी ज्याला विचारावं तो ब्रेकवर. हलकटपणा कंपनीचा, आणि तिची अब्रू झाकतायत तिनंच हाकललेली माणसं.

वृंदासोबत महिपतीकाका होते. सगळं आयुष्य युनियनमध्ये घासलेला माणूस. आमदाराचा उंबरठा झिजवून त्यांनी विधेयक मांडायला लावलं होतं. कामावरून काढलेल्याला नवं काम शिकवायचं, शिकेपर्यंत पगार द्यायचा, मग कामावर घ्यायचं. शनिवारी विधिमंडळाची समिती अंबरनाथला लोकांचं ऐकायला येणार होती. कंपनीनं आधीच लिहून दिलं होतं, आम्ही कोणालाच काढलं नाही. मग कायदा करायचा कोणासाठी? एकानं तरी उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं. नाहीतर विधेयक तिथंच मातीत.

"ही बाई त्याच कंपनीतली आपली शिफ्ट सांभाळून तुमच्यासाठी वणवण करतेय," काका रघुला म्हणाले. "हिला काय पडलंय रे? आणि तू बस भाजी निवडत."

"चला काका," वृंदा पर्स उचलत म्हणाली. "सेकंड शिफ्ट आहे माझी. उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी सोनिवली. नव्या टॉवरांच्या सावलीत पॅकिंगमधल्या विठाचं कौलारू घर. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मुद्द्याला मात्र हात लावू देईना.

"मना कोणी काढला नाय, बाय. ब्रेक हाय."

"विठाबाई, मशीन बसलंय तुमच्या जागेवर. ते काय सुट्टीवर जाणार आहे?"

"काढला बोलले तर गावान काय बोलतील? हिनं चोरी केली असंल. काम करणाऱ्या बाईला कोण उगाच काढतो?"

वृंदा तिच्यापुढं उकिडवी बसली. "लाज तुम्ही का धरायची? ज्यानं काढलं त्यानं धरावी. तोंडाला पदर लावून बसाल, तर उद्या तुमच्या सुनेलाही असंच घरी बसवतील, आणि तीही ब्रेकच म्हणेल."

विठानं चहाचा कप तिच्या हातात दिला. "तुझी नोकरी हाय, बाय. तुला बोलाया काय जातं?"

"हो," वृंदा म्हणाली. "ते आहेच."

निघताना विठानं परसातली वांगी दिली. शनिवारी येते म्हणाली, बोलेन मात्र म्हणाली नाही.

शुक्रवारी जेवताना वृंदाचा नवरा समीर म्हणाला, "मीही येतो उद्या. ऑफिसात सांगून ठेवलंय, आमची बायको आमदारांपुढं बोलणारे."

"तू कशाला? कंटाळशील."

"कंटाळतोय कसला. पण अगं, कंपनी तुला त्रास नाही ना देणार?"

"ती आता मला काय करणार?" वृंदा म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.

शनिवारी हॉल भरला. रघु आला, विठा आली, जांभूळ गावचीही माणसं आली. समीर इस्त्रीचा शर्ट घालून पुढंच बसला. कंपनीकडून भावेश नावाचे एचआरचे साहेब आले होते. समितीच्या अध्यक्ष मॅडमनी माइक ओढला.

"ज्यांना कामावरून काढलंय, त्यांनी उभं राहावं."

रघु मोबाइलमध्ये बघत बसला. विठानं पदर तोंडाशी नेला. मॅडमनी पुन्हा विचारलं.

"मग कंपनीचं म्हणणं खरं धरायचं का?"

वृंदा ताडकन उठली. "मॅडम, ही माणसं खोटं बोलतायत. चूल थंड आणि तोंडात ब्रेक. ब्रेक म्हणजे काढणंच. फक्त मारायचं कंपनीनं आणि वळ लपवायचे यांनी."

मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग दोघाचौघांनी. भावेशसाहेब चिडून उभे राहिले.

"मॅडम, या बाई लोकांना भडकवत फिरतायत. कामगार म्हणून बोलायचा यांना हक्कच नाही. यांना आम्ही दिवाळीआधीच काढलंय."

टाळ्या थांबल्या. मॅडमनी चष्मा उतरवला.

"काढलंय? तुम्ही तर लिहून दिलंय, कोणालाच काढलं नाही."

भावेशसाहेब घाईघाईनं फाइल चाळायला लागले. काका खुर्चीतून अर्धे उठले. इतकी वर्षं ज्यासाठी चपला झिजवल्या, ते शत्रूनं स्वतःच्या जिभेनं ताटात आणून वाढलं होतं. आता फक्त एक होकार. रघुनं मोबाइल खाली ठेवला. विठाचा पदर तोंडावरून सुटला, ती खुर्चीच्या काठावर सरकली, उठायच्याच बेतात.

समीर मान वळवून, रोज डबा घेऊन शिफ्टला जाणाऱ्या आपल्या बायकोकडं बघत होता.

"बोला ताई," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नका. तुम्हाला काढलं ना?"

"नाही मॅडम," वृंदा म्हणाली. "ब्रेक आहे माझा."