सव्विसावे नाव

"मेले सव्वीस, नावं पंचवीसच वाचता. सव्विसावं कधी वाचणार?" कुसुमताईंनी माईकपाशी उभ्या अध्यक्षांना विचारले.

बसस्थानकातील बॉम्बस्फोटाला त्या दिवशी नऊ वर्षे होत होती. दरवर्षी इथे मृतांची नावे वाचली जात. आपल्या मुलीचे, शलाकाचे नाव परक्या तोंडून कुसुमताईंना तेव्हाच ऐकू येई. शेजारच्या जुबेदाबींना तेवढेही सुख नव्हते. त्यांचा नदीम त्याच स्फोटात गेला आणि मेल्यावर संशयित ठरला. पुढे तपासात तो निर्दोष निघाला, त्यालाही चार वर्षे झाली. श्रद्धांजली समितीच्या यादीपर्यंत ती वार्ता अद्याप पोहोचायची होती.

"ताई, लोकभावना नाजूक असते हो," अध्यक्ष म्हणाले.

"मग माझ्या शलाकाचंही नाव वाचू नका."

"असं नका करू, ताई," जुबेदाबींनी त्यांचा हात धरला. "वर्षभर तेवढ्यासाठी थांबता तुम्ही."

अध्यक्ष न्यायप्रिय गृहस्थ होते. त्यांनी यादीची घडी घालून ती खिशात ठेवली आणि जाहीर केले, की दुःखात भेदभाव नको, म्हणून यंदापासून कोणाचेच नाव वाचले जाणार नाही. सर्वांसाठी मिळून दोन मिनिटे शांतता. टाळ्या पडल्या.

सगळे माना खाली घालून उभे राहिले.

"नदीम," कुसुमताई हलकेच म्हणाल्या.

"शलाका," जुबेदाबी म्हणाल्या.

माईकवरून अध्यक्षांचा आवाज आला, "कोण बोलतंय तिकडे? निदान मृतांचा तरी मान राखा."