मेस्त्रींचे पाय

शिकाऊ नर्स प्रज्वला गृहभेटीला गेली, तेव्हा भिकाजी मेस्त्री खुर्चीत बसून होते. "चार महिने चालत नाहीत. गुडघे गेले त्यांचे," सून म्हणाली.

गुडघे तर ठीक वाटले. म्हाताऱ्या माणसांचे पाय आधी बघा, असं नर्सिंग कॉलेजच्या बाईंनी शिकवलं होतं. प्रज्वलानं मोजे काढले. नखं वाढून मांसात रुतली होती.

"आजोबा, सांगायचं ना कुणाला!"

"मला वाकता येत नाही गं. आणि सुनेला कसं सांगू, माझ्या पायाला हात लाव म्हणून?"

सून दारातून ऐकत होती. प्रज्वलानं कोमट पाणी मागितलं. सुनेनं टब आणला आणि स्वतःच खाली बसली.

"सिस्टर, कशी कापायची ते मला दाखवा."

मेस्त्रींनी पाय मागे घेतला. मग हळूच पुढे केला.