आतली कडी

नव्या नवरीने दाराची कडी पुन्हा एकदा आतून लावून बघितली, काढून बघितली. "बाबांना सांगितलं होतंत अगदी तश्शीच आहे हो. स्वतंत्र खोली, पक्की कडी!"

नवरदेव चहाच्या कपात बघत राहिला. सासऱ्यांसमोर कडीचं वर्णन त्याने जरा रंगवूनच केलं होतं. त्या नादात बाकीचं सांगायचं राहून गेलं होतं.

काल संध्याकाळी दोघं गावाहून येऊन उतरली, आणि आज उजाडताच तिने पदर खोचून खोली झाडून काढली होती. कोपऱ्यात एक गाठोडं तयार होतं. त्यात ठिगळं लावलेली गोधडी, दात पडलेला कंगवा, झिजलेल्या पुरुषी चपला.

"आधीच्या भाडेकरूंची अडगळ. देऊन टाका कुणाला तरी."

"राहू दे. येतील न्यायला."

"कधी?"

"इतक्यात," तो म्हणाला. एवढं मात्र खरं होतं.

रात्रपाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि थोड्याच वेळात दार वाजलं. बाहेर काजळलेल्या तोंडाचा भट्टीवाला, आणि शेजारी त्याची बायको, गिरणीतला कापूस केसांत घेऊन, डोळे तांबारलेली.

"या, या! सामान न्यायला आलात ना? नीट बांधून ठेवलंय."

भट्टीवाल्याने नवरदेवाकडे बघितलं. नवरदेव बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली की सोडत होता.

"न्यायला कुठलं गं बाई, झोपायला आलोय," बायको म्हणाली. "रात्री खोली तुमची, दिवसा आमची. याने सांगितलं नाही?"

"सांगणारच होतो," नवरदेव नाडीला म्हणाला.

नवरीने गाठोड्याकडे बघितलं. "मग दिवसभर मी कुठे?"

"मागच्या जिन्यावर छान सावली असते. वारासुद्धा येतो." जिना जणू त्याने खास तिच्यासाठीच बांधून घेतला होता.

तिने गाठोडं सोडलं. गोधडी झटकून स्वतःच अंथरली. मग आपलं कोरं पांघरूण, नवा कंगवा, लग्नातल्या साड्या त्याच फडक्यात बांधून त्याच कोपऱ्यात ठेवल्या.

"मनाला लावून घेऊ नकोस," भट्टीवाल्याची बायको आडवी होता होता म्हणाली. "आमच्या ह्यांनी तर खोलीपुढे बाग आहे म्हणून सांगितलं होतं."

भट्टीवाल्याला एकदम खोकला आला.

नवं जोडपं बाहेर आलं. पाठीमागे कडी सरकली.

"पक्की आहे हो," बंद दाराकडे बघत नवरी म्हणाली. "खोटं नव्हतात बोलत."

त्याच्या कारखान्याच्या दिवसपाळीच्या भोंग्याला अजून बराच अवकाश होता. तरी नवरदेव धावत सुटला.