खांद्यावरचे हात

लमार गॅड्सन कॉम्प्युटरच्या वर्गाच्या दारातच थांबला. अंगातला जाड कोट त्यानं काढला नव्हता.

“मिस ब्रॉडनॅक्स, मी बसायला नाही आलो. नाव काढून घेतोय कोर्समधून. आजचा शेवटचा दिवस, आणि चारला ऑफिस बंद होतं. म्हटलं, तुम्हाला सांगून जावं.”

“काढ की,” बाई फळ्यावरचा हात न थांबवता म्हणाल्या. “पण आधी इकडं ये. रांगेत एक माणूस कमी पडतोय.”

“अहो, पण ऑफिस...”

“चार वाजायला अवकाश आहे. तेवढ्यात टोलेडो शहर काही वाहून जात नाही.”

पोरं हसली. लमारला पुढं यावंच लागलं.

फळ्यावर ‘डबली लिंक्ड लिस्ट’ असं लिहिलं होतं, आणि फळ्यापुढं पाच-सहा जण खांद्याला खांदा लावून उभे होते. उजवीकडचा तो पुढचा, डावीकडचा तो मागचा. प्रत्येकानं उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचा, डावा मागच्याच्या. म्हणजे साखळी पुढंही चालते आणि मागंही. गाणी ऐकताना पुढचं गाणं लावता येतं, तसं मागचंही लावता येतं, ते अशाच साखळीमुळं.

बाईंनी लमारला नेमकं क्विंटन आणि जॉयेलच्या मधे उभं केलं. लमारचे कान तापले. याच दोघांबरोबर त्यानं प्रोजेक्ट सुरू केलं होतं. मग वडील दवाखान्यात गेले, लमारचे आठवडे तिथल्या खुर्चीवर गेले, आणि इकडं या दोघांनी काम पुढं रेटलं.

“काका, किती दिवसांनी!” क्विंटन म्हणाला. लमार वयानं मोठा, म्हणून वर्गातली पोरं त्याला काकाच म्हणत. “वडील कसे आहेत?”

“घरी आणलंय.”

“बरं झालं. ते प्रोजेक्ट दिलं बरं का आम्ही. दोघांनीच उरकलं.”

“कळलं मला,” लमार म्हणाला.

रविवारी ब्रॉडनॅक्सबाई चर्चमध्ये गायकांच्या पुढं उभ्या राहत, आणि सोमवारीही तो सूर त्यांच्या गळ्यातून उतरलेला नसे. टाळी वाजवून त्यांनी हाळी दिली, “पुढं कोण?” एकेक जण आपलं नाव सांगत गेला. रांगेच्या टोकाला पोचल्यावर “मागं कोण?” आणि नावं उलटी परत आली. शेवटी कुणीतरी “आमेन!” ठोकून दिलं.

“आमेन परीक्षेत लिहू नकोस, मार्क मिळत नाहीत,” बाई म्हणाल्या. “आता लमारला काढा.”

लमारनं मान खाली घातली. क्विंटननं त्याच्या खांद्यावरचा उजवा हात उचलला आणि जॉयेलच्या खांद्यावर ठेवला. लमार एक पाऊल मागं सरकला.

“झालं?”

“झालं!”

“पुढं कोण?” नावं आली. क्विंटननंतर थेट जॉयेल. लमार नव्हताच. “मागं कोण?” नावं परत येऊ लागली, जॉयेलपाशी आली आणि अडली. तिचा डावा हात अजून लमारच्याच खांद्यावर होता.

“जाताना माणूस नाही आणि येताना आहे!” बाई म्हणाल्या. “हे भूत कुठनं आलं, जॉयेल?”

वर्ग खिदळला. “मी विसरले,” जॉयेल म्हणाली. पण हात काढायला तिनं वेळ लावला. मग तो क्विंटनच्या खांद्यावर गेला.

आता साखळी दोन्हीकडून चालू लागली. लमारवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. त्या दोघांच्या खांद्यांवरचे आपले हात तो काढू लागला.

“तुला कुणी सांगितलं हात काढायला?”

लमार थांबला.

“तुला आता कुणी धरलंय?”

त्यानं पाहिलं. “कुणीच नाही.”



“आणि तू?”

मागं उभ्या लमारचे दोन्ही हात पुढं पसरलेले होते. डावा क्विंटनच्या खांद्यावर, उजवा जॉयेलच्या.

“ह्या दोघांना,” तो म्हणाला.

“बघा रे,” बाई म्हणाल्या. त्यांचा सूर खाली आला होता. “पुष्कळ जण एखाद्याला काढलं की त्याचे हातही लगेच रिकामे करतात. कायमचं काढायचं असेल तर तेच बरोबर. पण हात तसेच राहू दिले, तर आपली जागा कुठली हे त्याचं त्याला ठाऊक असतं. साखळी विसरली तरी. त्याला परत आणायचं झालं तर सगळी रांग धुंडाळावी लागत नाही. फक्त दोघांनी एकेक हात...”

बाईंचं वाक्य पुरं झालंच नाही. क्विंटननं जॉयेलच्या खांद्यावरचा हात उचलून मागं नेला होता. “या काका. पुढचं प्रोजेक्ट अवघड आहे, दोघांना झेपायचं नाही.” जॉयेलनं या वेळी हात काढायला वेळ लावला नाही.

लमार एक पाऊल पुढं आला. दोन्ही खांद्यांवर वजन पडलं.

“पुढं कोण?” बाईंनी टाळी वाजवली. नावं येऊ लागली. क्विंटननंतर लमारनं आपलं सांगितलं.

“चार वाजत आले का हो?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

घड्याळ लमारच्या डाव्या मनगटावर होतं, कोटाच्या बाहीखाली. ते बघायला क्विंटनच्या खांद्यावरचा हात काढावा लागला असता.

“मागं कोण?” बाई म्हणाल्या.