समोरचं शटर

"समजा, शेजारचा देश आर्थिक संकटात सापडला. आपल्या देशाच्या खजिन्यातून त्याला मदत द्यावी का?"

चन्नबसप्पांनी तराजूतली मिरची तशीच ठेवून त्या पोरीकडं पाहिलं. डोळ्यांपर्यंत स्कार्फ, गळ्यात विद्यापीठाचं कार्ड, हातात टॅब. धर्माबादच्या मिरचीबाजारात उघड्या तोंडानं कुणी येतच नाही. लाल ढिगाला लागून लाल ढीग, जणू कुणी ऊनच वाळत घातलेलं. तिथं माणूस ठसक्यावरून ओळखायचा.

"भेसळीचं सँपल घ्यायला तर आली न्हाई ना ही?" तुळजाबाईंनी हळूच विचारलं.

"सर्वे हाय म्हणं. कॉलेजवाल्यांचा."

"बघा बरं. उद्या लातूर गाठायचंय, आज लफडं नको."

उद्या या नवरा-बायकोला आपल्या मुलासाठी, संगमेशसाठी, मुलगी पाहायला जायचं होतं. तीन ठिकाणांहून नकार आलेला. पोरगा कष्टाळू, सुपारीचंही व्यसन नाही. पण मिरचीचं दुकान म्हटलं, की पोरींच्या नाकाला आधीच झिणझिण्या. ही चौथी. स्वप्नाली नाव, फोटोत गोड दिसायची, अन् लई शिकलेली. तिला विचारायचे सात प्रश्न चन्नबसप्पांनी कागदावर उतरवून खिशात जपले होते. या खेपेला काही बिनसायला नको होतं.

"लिहा," ते म्हणाले. "काहीच द्यायचं न्हाई. आधी आपले रस्ते बघा म्हणावं."

पोरीनं नोंदवलं. "आणि त्याच्या संकटाची झळ आपल्यालाही बसत असेल तर?"

चन्नबसप्पांची नजर आपसूक रस्त्यापलीकडं गेली. तिथं शंकरप्पाचं दुकान होतं. तीस वर्षांची चुरस, रोजची चकमक.

"मागल्या साली त्याचं दुकान जळालं," ते म्हणाले. "शटर पडलं. मला वाटलं, आता सगळं गिऱ्हाईक माझंच. कुठलं काय! तेलंगणातले व्यापारी यायचेच थांबले. एकाच ठोक दुकानासाठी कोण येणार? महिनाभर माशा मारत बसलो."

"मग?"

"मग काय! माझ्या गोदामातली चाळीस पोती त्याच्या दारात टाकली. म्हणलं, उघड रे बाबा शटर. मला भांडायला कुणी न्हाई."

"अन् मला म्हणाले, कुणाला सांगू नको," तुळजाबाई खुदकन हसल्या. "आता बाजारभर कोण सांगून राहिलं?"

"तू गप गं."

"मग काका, उत्तर बदलू?"

चन्नबसप्पांनी टोपी मागं सारून डोकं खाजवलं. "बदल माय. द्यावी मदत. दोन दुकानं असली तर बाजार."

"शेवटचा प्रश्न. दिलेली मदत कशी वापरायची, हे कुणी ठरवावं? देणाऱ्यानं, की घेणाऱ्यानं?"

"घेणाऱ्यानं! दिली ती दिली. मग त्याच्या चुलीपाशी जाऊन मीठ चाखायचं न्हाई."

"ऐका हो ऐका!" तुळजाबाईंनी कपाळाला हात लावला. "पस्तीस वर्षं माझ्या कालवणात बोट घालून राहिले!"

"तू काय परदेश हायस का?"

स्कार्फच्या वरचे डोळे हसता हसता भरून आले. मिरची नवख्याला रडवतेच.

"चहा टाकते," तुळजाबाई उठल्या.

"नको मावशी."

"घोटभर पाणी तरी? उन्हाची आलीस, लेकरा."

"पाणीही नको आज."

हात जोडून ती गेली. "लई भित्री गं," चन्नबसप्पा म्हणाले. "ठसका लागंल म्हणून तोंडावरचा कपडा काढंना." आणि ती पोर ते विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी लातूरला मुलीच्या वडलांच्या, शिवशंकरअण्णांच्या बैठकीत तिघं अंग चोरून बसले. संगमेश आपल्या गुडघ्यांकडं बघत होता. चन्नबसप्पांनी खिशातला कागद काढून घडी उलगडली, पुन्हा मिटली.

मुलगी आली. हिरवं इरकल, हातात चहाचा ट्रे. पहिला कप तिनं तुळजाबाईंना दिला, दुसरा चन्नबसप्पांपुढं ठेवला.

"विचारू का चार प्रश्न, पोरी?" ते घसा खाकरून म्हणाले.

"विचारा की काका. पण आधी मावशींची माफी मागते. सोयरीक ठरल्याबिगर त्या घरचं पाणी घ्यायचं नाही, असं आई सांगते, म्हणून काल घोटभरही घेतलं नाही. पुढच्या खेपेला मात्र चहाच घेईन."